नोटीस लागली, पण वाचली कोणी?

प्लेसमेंटची नोटीस बोर्डावर लावतो, ग्रुपवरही टाकतो. तरी मुलं फिरकत नाहीत. (प्लेसमेंट समन्वयक, वडोदरा)

तुम्ही पाठवलेली नोटीस मी दोनदा वाचली. सुरुवात 'सर्व संबंधित विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की' अशी. कंपनीचं नाव चौथ्या ओळीत, तारीख सातव्या. बी.कॉम.ची मुलं चालतील का, ते कुठेच नाही. मोबाइलवर मुलांना पहिल्या दोन ओळीच दिसतात. तिथेच लिहा: 'बी.कॉम. शेवटचं वर्ष. मकरपुरा जीआयडीसीत अकाउंट्सची जागा. शुक्रवारपर्यंत नाव द्या.' खाली पगार आणि कामाची वेळ. एटीकेटी, म्हणजे एखादा विषय राहिलेला असला तरी चालेल की नाही, हे मात्र विसरू नका. या एका शंकेपायी चांगली मुलं विचारायलासुद्धा येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पालक मुलींना हालोलला पाठवत नाहीत. त्यांना नोकरीचं महत्त्व कसं पटवावं? (प्राध्यापिका)

महत्त्व पटवायला जाऊच नका, ताई. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. त्या शहरातल्या आईबापांना हे नव्याने काय सांगायचं? त्यांना काळजी आहे ती परतीच्या बसची. हालोल इथून चाळीसेक किलोमीटर. कंपनीची बस कुठून सुटते, मुलगी किती वाजता घरी येते, बरोबर आणखी कोण आहे, अडचण आली तर फोन कोणाला करायचा, एवढंच एका पानावर द्या. पत्र गुजरातीत काढाच, पण दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या घरांसाठी मराठीतही काढा. तिथे आजीचाही होकार लागतो.

सर्वांत मोठं पॅकेज जाहिरातीत छापावं, असा प्राचार्यांचा आग्रह आहे.

एकटं छापू नका. समजा, पाच जणांना वर्षाला दोन, अडीच, अडीच, तीन आणि बारा लाख मिळाले. सरासरी निघते चार लाख चाळीस हजार, आणि तेवढे त्यातल्या चौघांना मिळालेलेच नाहीत. मधला आकडा अडीच लाख, तोच खरा. कॉलेजांची सरकारी क्रमवारी लावणारी एनआयआरएफसुद्धा हा मधला, म्हणजे मध्यक पगारच विचारते. सोबत नावं किती जणांनी दिली, नोकरी कितींना लागली, हेही छापा. प्राचार्यांना सांगा, आज प्रवेश घेणारा बाप तीन वर्षांनी हाच कागद घेऊन तुमच्या दारात येईल.

कंपन्या ईमेलला उत्तर देत नाहीत.

कॉलेजचा इतिहास काढून टाका. किती मुलं, टॅली आणि जीएसटी रिटर्न कोणाला येतं, कधीपासून मोकळी, एवढं पाच ओळींत लिहा. दोन दिवसांनी फोन करा.