साडेपाचला मैदानावर कोण असणार?

पोरी,

रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा निरोप सकाळी वाचला. चार ओळींत तीनदा "सर, काय करू" लिहिलं आहेस. कंपनी एका दिवसाची फुटबॉल स्पर्धा करून द्यायला तयार आहे. सोळा संघ, सगळ्यांना जर्सी आणि बूट, मंडप, दुपारचं जेवण. आणि तुझ्या मैदानावर रोज येतात जेमतेम बारा जण, त्यात मुली चार. पैसे घेतले तर मन खातं, नाकारले तर वस्तीतली माणसं विचारतील की पोट्ट्यांच्या तोंडचा घास का काढला.

मी तुला एवढंच विचारतो. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला, मैदानावर कोण असणार? कंपनीच्या साहेबांनाही हेच विचार. नाव विचार, आणि त्या माणसाला महिन्याला किती मिळणार तेही विचार.

हे मला कोणी शिकवलं नाही. 2004 साली मीही अशीच स्पर्धा भरवली होती. एका गृहस्थांनी सगळा खर्च उचलला होता. पिवळ्याधमक जर्सी, ढोल, ट्रॉफी माझ्या कमरेपर्यंत येईल एवढी. आमचा गोलकीपर बारा वर्षांचा होता. त्याने टायब्रेकरला दोन फटके अडवले आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मंडप सोडत होते तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, आता प्रॅक्टिस कधी?" मी म्हणालो, "दिवाळीनंतर." दिवाळी झाली. बहिणीचं लग्न निघालं, शाळेत परीक्षा आल्या, मी थकलोही होतो. मी वस्तीत पोचलो तेव्हा जानेवारी संपत आला होता. त्याची आई नळावर भेटली. म्हणाली, "रोज जाऊन बसायचा मास्तर, संक्रांतीपर्यंत गेला." पोरगा तोवर मामाबरोबर सेंट्रिंगच्या कामावर लागला होता. अंगात तीच पिवळी जर्सी होती, सिमेंटने कडक झालेली.

त्याला फुटबॉलपटू करू शकलो नाही याचं दुःख नाही मला. दुःख त्या "दिवाळीनंतर" शब्दाचं आहे. तो रोज येत होता आणि मी नव्हतो.

तू म्हणशील, स्पर्धेतूनच तर सुरुवात होते. आपल्या नागपुरातच झाली. हिस्लॉप कॉलेजचे प्राध्यापक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं पाहिली आणि 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा घेतली. बरोबर आहे. पण ते काम आज आपल्याला माहीत आहे ते त्या पहिल्या स्पर्धेमुळे का? स्पर्धा संपल्यावरही ते त्या पोरांना सोडून गेले नाहीत, म्हणून माहीत आहे. त्यातूनच पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. त्या विश्वचषकाचा एक नियम तुला ठाऊक असेल. 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात तो सुरू झाला, आणि त्यात एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. म्हणजे विमानात बसून, देशाची जर्सी घालून आलेलं पोरगं परत त्याच गल्लीत उतरतं आणि ते दार पुन्हा उघडणार नसतं. त्याला दुसऱ्या दिवशी काय हवं? साडेपाचला उघडं असलेलं मैदान, आणि तिथे त्याला नावाने हाक मारणारा माणूस.

नैरोबीच्या मथारे वस्तीत 1987 पासून पोरांची लीग चालते. तिथे संघाने वस्तीतला कचरा उचलला तरी गुणतक्त्यात गुण मिळतात. ऐकून लोक म्हणतात, वा, काय कल्पना! अगं, कल्पना कोणालाही सुचेल. ती चालते कारण लीग चालते, आणि कोणीतरी वही घेऊन उभं असतं. मुंबईत कुलाब्याच्या आंबेडकर नगरमधून उभी राहिलेली ऑस्कर फाउंडेशन घे. तिचा नियम आहे, शाळा नाही तर फुटबॉल नाही. आता सांग, कोण शाळेत गेलं आणि कोण गेलं नाही हे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला कसं कळणार? संध्याकाळी पोरांचे चेहरे पाहणाऱ्यालाच कळतं.

2017 मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला. त्या वर्षी शाळाशाळांत फुटबॉल पोचले, हेतू फार चांगला होता. पुढच्या वर्षी मी एका शाळेत गेलो. चेंडू कपाटात होते, हवा गेलेले. पंप होता, सुई हरवली होती. नवी सुई आणायला कोणालाही जावंसं वाटलं नव्हतं, कारण ते कोणाचंच काम नव्हतं. त्याच विश्वचषकात खेळलेल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं नाव सगळे घेतात. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याने रोज केलेल्या सरावाचं नाव कोणी घेत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण तिथे तू उगाच घाबरतेस आणि मला तुझा राग येतो. "ट्रेनरच्या मानधनाला पैसे देता येत नाहीत, पाच टक्क्यांची मर्यादा आहे," असं त्या साहेबांनी सांगितलं आणि तू मान डोलावून आलीस. नियम वाचलास का? कंपनी कायदा 2013, कलम 135. ज्या कंपन्यांना ते लागू आहे त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीने करायच्या समाजकामावर, खर्च करायचे असतात. ती 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च त्यात धरत नाहीत, आणि मैदानावरचा ट्रेनर म्हणजेच तर प्रकल्प! उलट मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरायचे नाहीत, असं परिपत्रक सरकारने जून 2014 मध्येच काढलं होतं. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्वही चालत नाही. आणि चालू प्रकल्प म्हणून मंजूर झाला तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं पैसा देता येतो. म्हणजे तू जे मागायला लाजतेस ते मागायला कायद्याची आडकाठी नाही, आणि ते जे द्यायला निघालेत तेच नियमात कसं बसवणार हे त्यांनी तुला सांगायला हवं. असा पैसा घ्यायला संस्थेची सीएसआर-1 नोंदणी लागते, तुझ्या संस्थेची झाली आहे ना? नसेल तर आधी ती कर.

माग काय? दोन माणसांचं मानधन, त्यातली एक बाई. संध्याकाळचा दिवा. भिजवलेले चणे, गूळ, केळी. चार नंबरचे चेंडू, कारण तुझी अर्धी पोरं बारा वर्षांखालची आहेत आणि पाच नंबरच्या चेंडूला लाथ मारून त्यांचे पाय दुखतात. मुरुमावर शिवण लवकर उसवते, म्हणून दर तीन महिन्यांनी नवे. आणि मुलींना कपडे बदलायला दार लागणारी एक खोली. ती मात्र आधी. तुझ्याकडे मुली चारच का, असं तू विचारलंस. तेरावं लागलं की त्या येईनाशा होतात, आणि आई सांगते की घरी काम आहे. पोरगी आली नाही की पाचव्या दिवशी तिच्या घरी जाऊन ओट्यावर बसणारी बाई लागते त्याला. ते काम जर्सीने होत नाही.

2011 मध्ये मी एका कंपनीचे पैसे नाकारले. त्यांना वर्षातून दोन कार्यक्रम हवे होते, रोजच्या सरावाशी घेणंदेणं नव्हतं. माझ्याबरोबर सात वर्षं काम केलेला जोडीदार त्या रात्री माझ्याशी भांडला. त्याच्या घरी दोन लेकरं होती, आणि त्या पैशात त्याचाही पगार निघाला असता. तो सोडून गेला. आजही लग्नाकार्यात भेटला तर मान फिरवतो. बायकोही म्हणाली की तुमच्या हट्टापायी चांगला माणूस गेला. असेल. पण त्या वर्षी पावसाळ्याचे काळ्या मातीचे दिवस सोडले तर मैदान एकही दिवस बंद राहिलं नाही. मी शाळा सुटल्यावर सायकलने जायचो. त्या पोट्ट्यांपैकी तिघं आज स्वतः शिकवतात. मी चुकलो नाही. जोडीदाराला अर्ध्या वाटेत एकटं पाडायला नको होतं, त्याच्यासाठी आधी पैसे शोधायला हवे होते, हे मान्य. पण ते पैसे घेतले असते तर मी पुन्हा कोणालातरी "दिवाळीनंतर" म्हणालो असतो. म्हणूनच तुला सांगतो, तुझ्याबरोबरच्या त्या पोराचं मानधन मागणीपत्राच्या पहिल्या ओळीत लिही. माझ्यासारखी त्याला गृहीत धरू नकोस.

स्पर्धा घेऊच नकोस असं म्हणत नाही मी. पोरांना सामना हवाच, ट्रॉफीही हवी. वर्षभर सराव झाला की मार्चमध्ये घे, उन्हं तापायच्या आधी. आठ संघ पुरे.

शुक्रवारच्या बैठकीआधी मागणीपत्र मला पाठव, आकडे मी तपासतो. त्यांनी नाही म्हटलं तर फोन कर, कितीही वाजले तरी. आणि तुझ्या त्या गोलकीपर पोरीच्या जन्मदाखल्याचं काय झालं? सुब्रतो चषकाला, शाळांच्या त्या फुटबॉल स्पर्धेला, शाळेतून जायचं तर वयाचा पुरावा लागेल. महापालिकेच्या झोन कार्यालयात तिच्या आईला एकटीला पाठवू नकोस, मागच्या वेळी ती खिडकीवरूनच परत आली होती. सोमवारी सकाळी मी येतो बरोबर. साडेपाचच्या आत परत पोचू.

तुझा,
सर