निपाणीहून बेळगावला रोज कारने ये-जा करून प्रमोशन घ्यावं का?

तुम्ही म्हणताय, प्रमोशन घेऊन बेळगावला गेलं की हातात महिना 12,000 जास्त येणार. आधी हा हिशेब बघा की. निपाणी-बेळगाव एका बाजूचं अंतर साधारण 75 किमी, म्हणजे रोजचे दीडशे. महिन्याचे 24 दिवस धरले तर 3,600 किमी. गाडी लिटरला 18 देत असेल तर 200 लिटर पेट्रोल. शंभराच्या भावानं 20,000 गेले. हत्तरगीचा टोल, टायर, सर्व्हिसिंग वेगळंच. एकट्यानं कार नेणार असाल तर प्रमोशन घेऊन पगार कमीच होतोय!

मी संकेश्वरहून दीड वर्ष हेच केलंय. पैशापेक्षा जीव खाल्ला तो ऊस हंगामानं. संध्याकाळी वंटमुरी घाट उतरलं की पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रेडियम, आणि बाहेर लोंबणारा ऊस थेट काचेसमोर. घरी पोचल्यावर मुलीशी बोलायचंही त्राण नसायचं.

तरी लगेच नकार कळवू नका. बेसिक वाढलं की पीएफ, ग्रॅच्युइटी वाढते, आणि पुढची नोकरी याच पगारावर ठरते. साहेबांकडे प्रवासभत्ता मागा, नाहीतर आठवड्यातून दोन दिवस घरून काम. तेही जमत नसेल तर बेळगावातच टिळकवाडीत किंवा शहापूरला खोली बघा, सोमवारी जा, शुक्रवारी या. तीन सोबती मिळाले तर मात्र कारही परवडेल. मला एकच मिळाला होता, तोही रोज उशिरा यायचा.