२ लाख ७० हजार किलोमीटर पळालेली जुनी पिकअप घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की मोहोळजवळ तुमची शेती आहे, कांदा आणि भाजी सोलापूर मार्केट यार्डाला न्यायची असते, २०१६ ची बोलेरो पिकअप सव्वाचार लाखाला सांगतायत, मीटरवर २ लाख ७० हजार आहे आणि घरचे म्हणतायत एवढी पळालेली गाडी म्हणजे भंगार. मी सोलापुरात पिकअपवरच पोट भरतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं चादर-टॉवेलचा माल आणि सीझनला कांदा, म्हणून मत सरळच सांगतो. मीटरच्या आकड्याला घाबरू नका. त्या गाडीनं आत्तापर्यंत काय वाहिलंय आणि कोणी चालवलीय ते शोधा, आणि गाडी घेतल्यावर दुरुस्तीसाठी हातात लाखभर रुपये उरतात का ते बघा, उरत नसतील तर गाडी कितीही चांगली असली तरी आत्ता घेऊ नका.

आधी आकड्याचंच बोलू. नऊ-दहा वर्षांत २ लाख ७० हजार म्हणजे वर्षाला २७ ते ३० हजार, म्हणजे कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला ९० ते १०० किमी. धंद्याच्या गाडीला हे अगदी नॉर्मल रनिंग आहे. उलट २०१६ ची पिकअप कोणी ८० हजार किमी म्हणून दाखवली तर मी जास्त सावध होईन, कारण एवढी वर्षं पिकअप दारात उभी ठेवायला कोणाला परवडतं? मीटर मागं घेणं अवघड काम नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर किती घासलंय, स्टेअरिंग कुठं गुळगुळीत झालंय, ड्रायव्हरची सीट बसलीय का ते बघा, आणि शोरूमला सर्व्हिसिंग झालेलं असेल तर गाडी नंबरवर जुना रेकॉर्ड निघतो, त्यात प्रत्येक वेळचं किमी लिहिलेलं असतं. मालकाला सोबत घेऊन जा, तोच काढून घेईल. टाळाटाळ केली तर त्यातच काय ते समजा.

आता मुख्य गोष्ट, काय वाहिलं ती. आपल्या जिल्ह्यात एकाच मॉडेलच्या दोन पिकअप असतात आणि दोघींची तब्येत पूर्ण वेगळी असते. टॉवेल, चादरी, कुरिअर, डाळिंबाचे क्रेट असला माल नेणारी गाडी बहुतेक हायवेला पळते, वजन बेताचं असतं, इंजिन एका स्पीडला चालतं, अशी गाडी ३ लाख झाली तरी मी डोळे झाकून नाही पण मनापासून घेईन. माझ्याकडची एक अशीच घेतलेली आहे, आधीचा मालक स्वतः चालवायचा, माल टॉवेलचा, मीटर तीन लाखाच्या पुढं होतं आणि अजून पुण्याला जाऊन येतेय. दुसरीकडं वाळू, मुरूम, खडी, सिमेंट वाहिलेली गाडी लाखभर किमीलाच खलास झालेली असते कारण दीड टनाच्या गाडीत तीन टन भरून नदीच्या पात्रातनं फर्स्ट गिअरला ओढलेली असते, मीटरवर किमी वाढत नाही पण इंजिन, क्लच आणि मागचा एक्सल सगळं खाल्लं जातं. आणि तिसरा प्रकार बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे उजनीची मासळी नेलेली गाडी. बर्फाचं पाणी हौद्यातनं झिरपून रोज चेसिसवर पडतं, वरनं रंग चकाचक आणि खालनं पापुद्रे सुटलेले. दुधाच्या गाडीचंही थोडंफार असंच, रोज हौदा धुतलेला असतो.

विक्रेता काय वाहिलं ते खरं सांगेलच असं नाही, पण गाडी सांगते. टॉर्च घेऊन गाडीखाली झोपा, कपडे घाण होऊ द्या. मागच्या कमानीचे पाटे मोजा, कंपनीपेक्षा जादा पाटा टाकलेला असेल तर ती गाडी ओव्हरलोड चालवायसाठीच तयार केलेली होती, याला दुसरं कारण सहसा नसतं. पाट्याचे हँगर जिथं चेसिसला बसतात तिथं क्रॅक, वेल्डिंग, नवीन पट्टी मारलेली, तेवढ्याच भागाला काळा रंग फासलेला, यातलं काहीही दिसलं तर मी तिथंच नमस्कार करून निघतो. इंजिन परत बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण चेसिस एकदा गेली की गेली. मागं इथंच एका व्यवहारात मी बघायला गेलेलो, गाडी दिसायला नवरीसारखी, मीटर दीड लाख, आणि हँगरच्या मागं बोटभर चीर वेल्डिंगनं बुजवलेली. चेसिस नंबर पण तिथंच बघून आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा, आकडे घासलेले किंवा वेडेवाकडे ठोकलेले वाटले तर व्यवहार करू नका.

इंजिन सकाळी थंड असताना बघायचं. तुम्ही जायच्या आधीच गरम करून ठेवलेली असेल तर उद्या येतो म्हणा. बॉनेटला हात लावून कळतं. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला चालू व्हायला पाहिजे, चालू झाल्यावर निळा धूर येत राहिला तर ऑइल खातंय, काळा असेल तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टरचं काम, आणि पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. मग इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण काढून बघा, हलकी वाफ चालते पण भसाभसा धूर मारत असेल आणि ऑइलचे थेंब उडत असतील तर बोअर-पिस्टन घासलंय, फुल इंजिनचं काम आज ना उद्या निघणार, आणि ते काम नीट करायचं म्हटलं तर माझ्या अंदाजानं साठ-सत्तर हजाराच्या खाली होत नाही. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. आत कूलंट आहे का नुसतं बोअरचं पाणी आहे बघा, आपल्याकडचं पाणी जड, क्षार बसून रेडिएटर आतनं चोंदतो आणि मग एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्रीला माल भरून निघालं की काटा वर जातो.

अजून एक, २०१६ ची गाडी बीएस ३ आहे का बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम, ४ म्हणजे नंतरचा, जास्त कडक) ते आरसीवर बघा. बीएस ४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आलं पण काही शहरांत आधीपासून होतं, सोलापूर तर २०१० च्या पहिल्या यादीतच होतं, म्हणून त्या सालच्या गाड्या दोन्ही प्रकारच्या सापडतात. जुना डीआय पंप (साधा मेकॅनिकल डिझेल पंप) असेल तर गावातला मिस्त्री पण रिपेअर करतो, कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल सिस्टीम) असेल तर गाडी स्मूथ असते पण इंजेक्टर गेले की खर्च मोठा, आणि स्कॅनर असलेल्या माणसाकडंच न्यावी लागते. बीएस ४ असेल तर आधी स्कॅनर लावून घ्या, पाचशे-हजार जातील, जाऊ द्या.

टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या गाडीची करून काही कळत नाही. मोकळी पिकअप सगळीच पळते. मालकाला म्हणा तुझा माल भर आणि मी सोबत येतो, डिझेल माझं. शक्य असलं तर तुळजापूर रोडला घ्या, साधारण ४५ किमी आहे, पुढं घाट लागतो, तिथं भरलेली गाडी कोणत्या गिअरला चढते, टेम्परेचर कुठं थांबतं, क्लच घसरतो का म्हणजे इंजिन ओरडतं पण स्पीड वाढत नाही असं होतं का, उतरताना सेकंड गिअर उडून न्यूट्रलला पडतो का, हे सगळं एका फेरीत कळतं. ५०-६० च्या स्पीडला मागनं घों घों आवाज येत असेल आणि अॅक्सिलरेटर सोडला की तो बदलत असेल तर क्राऊन-पिनियनचं, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरचं काम आहे. खाली गिअर टाकताना धक्का बसून खट्ट वाजत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, ते स्वस्तातलं काम आहे, त्यावरनं गाडी सोडू नका, भाव पाडून घ्या. टायर, बॅटरी, ब्रेक लायनर, टायरॉड एंड यांचं पण तसंच, झिजणारच, फक्त हिशोबात धरा.

आणि स्वतःच्या ओळखीचा मिस्त्री न्या. विक्रेत्यानं "आमचाच मिस्त्री आहे, बघून देईल" म्हटलं तरी आपला माणूस आपला असतो. त्याची मजुरी द्या, फुकट नेऊ नका, फुकट आलेला माणूस खाली झोपत नाही.

कागदाचं थोडक्यात. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून पासिंग, इन्शुरन्स, टॅक्स कुठपर्यंत आहे आणि बँकेचा बोजा आहे का ते बघा. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस, म्हणजेच पासिंग, दरवर्षी करावं लागतं, म्हणजे तुमची गाडी त्यात आलीच, पासिंग संपलेलं असेल तर करून द्यायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका कारण पासिंगला काय काय काम निघतं ते तेव्हाच उघडं पडतं. बोजा असेल तर तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर जीव्हीडब्ल्यू (गाडी आणि माल मिळून जास्तीत जास्त वजन) ३००० किलोच्या आत असेल तर परमिटची भानगड नाही, वर असेल तर परमिट पण बघा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, तर नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाट्या बसल्यात का, ई-चलन किती थकलंय तेही तपासा. विजापूर-कलबुर्गी साइडची केए पासिंग गाडी स्वस्त सांगतील, पण तिकडची एनओसी, इथला टॅक्स आणि नवीन नंबर हे सगळं धरलं की ती स्वस्त राहत नाही. लायसन्सचं टेन्शन घेऊ नका, नोव्हेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ७५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला तुमचं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स चालतं.

पैशाचं मात्र घरी बसून नीट मांडा. माल भरून १२ चं अॅव्हरेज धरलं तर मोहोळ ते यार्ड जाऊन-येऊन ७० किमीला सहाएक लिटर डिझेल, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास, त्यावर थर्ड पार्टी इन्शुरन्सच वर्षाला १६ हजाराच्या पुढं जातो, पासिंग, टायर, ऑइल, आणि फायनान्स घेतला तर जुन्या गाडीला व्याज जास्त. तुमचा माल वर्षातनं दोन-तीन महिनेच जात असेल तर मी म्हणेन गाडी भाड्यानंच लावा, जीव सुखात राहील. पण शेजारच्या चार शेतकऱ्यांचा माल सोबत न्यायचा असेल, नोव्हेंबर ते जानेवारी यार्डात कांद्याची रांग लागते तेव्हा भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही आणि माल शेतात पडून राहतो, हे ज्यानं सोसलंय त्याला स्वतःच्या गाडीची किंमत कळते, तर मग घ्या, बिनधास्त घ्या.

भाव सव्वाचार मला जास्त वाटतो. चेसिस स्वच्छ, झाकणातनं धूर नाही आणि मागचा एक्सल शांत, या तिन्ही गोष्टी जमल्या तर साडेतीनपासनं बोलायला सुरुवात करा आणि पावणेचारच्या आसपास थांबा. तिन्हीतली एक जरी बसली नाही तर दुसरी गाडी बघा, या जिल्ह्यात पिकअपला तोटा नाही. टोकन देताना पाच-दहा हजाराच्या वर देऊ नका, बाकी रक्कम बँकेतनं द्या, आणि गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ दोन्ही लिहून दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे त्याच्या आधीचं चलन किंवा अपघाताचं लफडं तुमच्या गळ्यात पडणार नाही, आणि नाव ट्रान्सफरचे कागद त्याच आठवड्यात आरटीओला टाका, इन्शुरन्स कंपनीला पण १४ दिवसांत कळवा.