हुतात्मा बाग आणि पार्क चौक : बाग, उद्यान की पार्क?

सोलापुरातील सार्वजनिक बागांविषयी लिहिताना 'बाग', 'उद्यान' आणि 'पार्क' यांपैकी कोणता शब्द प्रमाण मानावा आणि पार्क चौकातील 'पार्क' म्हणजे बागच समजावी का, असा प्रश्न विचारण्यात आला आहे.

हे तीनही शब्द एकाच अर्थाचे मानले जात असले, तरी त्यांचा वापर सारखा नाही. 'उद्यान' संस्कृत आहे. 'उद्' आणि 'या' यांपासून बनलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'बाहेर पडणे' असा असून, त्यावरून विहारासाठी जेथे जावे ते उपवन, हा अर्थ रूढ झाला. 'बाग' फारसीतून आला. फारसीत व्याकरणिक लिंग नाही. मराठीने या शब्दाला स्त्रीलिंग दिले, तर हिंदीने पुल्लिंग. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की 'परसबाग', 'द्राक्षबाग', 'बागाईत' हे शब्द वापरताना त्याचे परकेपण कोणालाही जाणवत नाही. सोलापूर जिल्ह्यात तर 'बाग' म्हटल्यावर शेतकऱ्याच्या मनात द्राक्षे किंवा डाळिंबेच येतात. (शहरात ज्या कानडी आणि तेलुगू भाषा घरोघरी बोलल्या जातात, त्या दोन्हींत यासाठी 'तोट' हा शब्द आहे, तो मराठीत मात्र रुजला नाही.)

'पार्क'चा प्रवास वेगळा आहे. शिकारीसाठी राखलेली कुंपणबंद जमीन हा त्याचा युरोपातील जुना अर्थ. मराठी शहरांत मात्र तो पुष्कळदा मोकळ्या मैदानाला चिकटला. मुंबईत 1925 साली खुले झालेले माहीम पार्क पुढे शिवाजी पार्क झाले, आणि त्याची ख्याती फुलझाडांसाठी नाही, सभा आणि क्रिकेट यांसाठी आहे. सोलापुरातही इंदिरा गांधी स्टेडियम हे अधिकृत नाव असलेले मैदान लोकांच्या तोंडी पार्क मैदान किंवा पार्क स्टेडियमच आहे. अर्थाची खूण प्रत्ययात सापडते : आपण बागेत किंवा उद्यानात फिरतो, पण सामना किंवा सभा 'पार्कवर' होते, जशी ती मैदानावर होते.

त्यामुळे पार्क चौकातील 'पार्क' म्हणजे बाग समजू नये; पार्क चौक हे विशेषनाम म्हणूनच लिहावे. त्याचे 'उद्यान चौक' करणे म्हणजे गावाची ओळख पुसणे होय. याच चौकात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांचे पुतळे आहेत. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला, त्या घटनाक्रमातील खटल्यात या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. भुईकोट किल्ल्यालगतच्या हुतात्मा बागेच्या नावातही 'हुतात्मा' हा शब्द आहे. तेथे 'हुतात्मा' संस्कृत आणि 'बाग' फारसी असा जोड आहे, आणि तो कानाला मुळीच खटकत नाही.

पाटीवर 'उद्यान' लिहिण्याची सरकारी रीत सर्वत्र आहे, आणि लेखी व्यवहारात तिला हरकत नाही. मात्र पाटी बदलली म्हणून बोली बदलतेच असे नाही. भायखळ्याच्या 1862 मधील बागेचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले, तरी मुंबईकर आजही तिला राणीची बागच म्हणतात. म्हणून इतिहास लिहिताना सामान्य नाम म्हणून 'बाग' वापरावे, अधिकृत नाव एकदा पूर्ण द्यावे आणि 'पार्क' हा शब्द जेथे नावाचाच भाग आहे, तेथेच तो राखावा.