आजार उलटला तर श्वासावरून कळेल का?

फुफ्फुसाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन चौदा महिने झालेले एक गृहस्थ पत्नीसह माझ्याकडे आले (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत), तेव्हा त्यांच्या खिशात घड्यांवर विरत चाललेले एक कात्रण होते. श्वासाच्या तपासणीवरून आजार उलटल्याचे समजू शकेल, अशी ती बातमी होती. "हे यंत्र मिळालं तर सीटी स्कॅन कशाला? रोज सकाळी फुंकून बघता येईल," असे ते म्हणाले. अहवाल हाती येईपर्यंतचे दिवस ज्यांनी काढले आहेत, ते मला या ना त्या शब्दांत हेच विचारतात.

मी आधी बातमीबद्दल बोलले, कारण ती खोटी नव्हती. उच्छ्वासात शेकडो बाष्पशील, म्हणजे सहज वाफ होणारी, रसायने अत्यल्प प्रमाणात असतात. त्यांतील सुमारे २५० पदार्थ अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठाच्या संशोधकांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा श्वास शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर तपासला, तेव्हा मोजलेल्या चारही कार्बोनिल संयुगांचे (हीही अशीच बाष्पशील रसायने) प्रमाण गाठ काढल्यावर उतरलेले आढळले, आणि त्यांपैकी तिघांचे तर तुलनेसाठी घेतलेल्या, कॅन्सर नसलेल्या लोकांइतके झाले होते. गाठ गेल्यावर जे उतरते ते गाठ परतल्यावर चढेल, हा त्यामागचा तर्क आशादायक आहे; परंतु धूम्रपान, जेवण, औषधे, हिरड्यांचे विकार, एवढेच काय, खोलीतली हवादेखील श्वासातील रसायने बदलते, त्यामुळे त्या तर्काची रोजच्या वापरातली चाचणी होणे सोपे नाही. पाठपुराव्यात आजही सीटी स्कॅनवरच भिस्त असते, साधारणपणे पहिली दोन-तीन वर्षे दर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा. तो टाळून श्वासाच्या चाचणीवर विसंबू नये, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात पत्नी म्हणाल्या, "अहो, ते सकाळचं सांगा ना."

उठल्याबरोबर ते ओंजळीत श्वास सोडून हुंगत आणि मग पत्नीलाही हुंगायला लावत. शस्त्रक्रियेनंतर व्यायामासाठी दिलेले तीन चेंडूंचे उपकरण ते दिवसातून तीस-चाळीस वेळा ओढत, आणि एखाद्या वेळी तिसरा चेंडू वर टेकला नाही की तो दिवस हातचा गेलाच. पत्नीने "काही वास नाही" म्हटले की दहा मिनिटे बरे वाटे, मग पुन्हा तेच. ही रसायने इतकी विरळ असतात की माणसाच्या नाकाला त्यांतून काही उमगणे शक्य नाही, हे त्यांनाही ठाऊक होते.

मी विचारले, "यंत्राने सकाळी सात वाजता ‘काही नाही’ असं सांगितलं, तर आठ वाजता काय कराल?"

ते बराच वेळ गप्प राहिले. "पुन्हा फुंकेन," ते म्हणाले.

त्यानंतरच्या भेटींत आम्ही यंत्राविषयी फारसे बोललो नाही. चेंडूंचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला असेल तेवढाच करायचा, हुंगण्याची इच्छा झाली की ती उठल्याची वेळ वहीत लिहून अर्धा तास थांबायचे, आणि पत्नीने वासाविषयी उत्तर न देता "भीती वाटतेय का?" एवढेच विचारायचे, असे ठरले. (हे त्यांच्यापेक्षा पत्नीला अधिक जड गेले, नकार देणे म्हणजे निष्ठुरपणा, असे घरच्यांना वाटतेच.) मात्र तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, थुंकीतून रक्त, वाढता दम किंवा कारणाशिवाय घटणारे वजन या गोष्टी वहीत लिहून थांबण्याच्या नाहीत, त्या लगेच डॉक्टरांना सांगायच्या. श्वासाच्या चाचणीवर एखादे संशोधन चालू असल्यास त्यात सहभागी होता येईल का, हा प्रश्नही त्यांनी डॉक्टरांसाठी लिहून घेतला.

दीड महिन्याने ते आले तेव्हा स्कॅन चार दिवसांवर होता. ते घाबरले होते आणि तसे त्यांनी सरळ सांगितले. हुंगणे थांबले का, असे मी विचारल्यावर त्यांनी पत्नीकडे पाहिले.

"परवा विचारलं होतं यांनी," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आधी दात घासून या."