‘उत्खनन’ नव्हे, विंधन!

प्रश्न असा आला आहे : कोयनेच्या परिसरात बेसाल्टच्या (थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकाच्या) थरांतून तीन किलोमीटर खोल भोक पाडले, त्याला कुणी ‘खोल उत्खनन’ म्हणतात, कुणी ‘वेधन’, कुणी ‘विंधन’. बरोबर काय? आणि त्या भोकाला ‘विवर’ म्हणावे का?

‘उत्खनन’ आधी बाद करा. हा शब्द या संदर्भात वाचला की चीड येते. उत्खनन म्हणजे उकरून काढणे. वाळूचे उत्खनन होते, जुन्या वसाहतींचे होते. तिथे वरचे काढल्याशिवाय खालचे दिसत नाही. कोयनेचे हे भोक गोठणे या गावी पाडले; तिथे तसे काहीही झालेले नाही. 2016-17 मध्ये तिथे यंत्राची पहार 3 किलोमीटर खाली गेली, त्यात वरचे 1247 मीटर निव्वळ बेसाल्ट, लाव्ह्याच्या थरावर थर, आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे त्याहून कितीतरी जुना पायाचा खडक. डोंगर जागच्या जागी आहे. फक्त त्यातून आरपार जाण्याइतकी वाट केली.

नेमके हेच सांगणारे क्रियापद मराठीत आहे : विंधणे. कान विंधतात, मोती विंधतात. वस्तू अखंड राहते आणि तिच्यात भोक पडते. खणण्यात वस्तू सरते, विंधण्यात उरते. हा भेद ज्याला कळला, त्याला ‘उत्खनन’ लिहवणार नाही.

आता मूळ पाहा, खरी गंमत तिथे आहे. संस्कृत धातू ‘व्यध्’, म्हणजे भोसकणे. त्याचे रूप ‘विध्यति’. त्यात अनुस्वार नाही. प्राकृतात ‘विंधइ’ झाले, नाकातला सूर तिथे आला, आणि तोच आपण जपला. हिंदीने ‘व’चा ‘ब’ करून ‘बींधना’ केले. त्याच धातूचा ‘व्याध’, बाणाने विंधणारा. त्याचाच ‘वेध’: नेमबाजाचा वेध, ग्रहणाचे वेध, वेधशाळा. आणि माझा सर्वांत लाडका शब्द, ‘वेज’. कानाच्या पाळीला पाडलेले भोक म्हणजे वेज. संस्कृत ‘वेध्य’, प्राकृत ‘वेज्झ’, मराठी ‘वेज’. ‘मध्य’चे ‘मज्झ’ होऊन ‘माज’ (कंबर) झाले, तीच ही वाट. व्याधाचा बाण, आजीच्या कानातले वेज आणि कोयनेचे तीन किलोमीटर एकाच धातूचे!

‘विंधन’ हे धेडगुजरी रूप आहे, शुद्ध शब्द ‘वेधन’च, असा आग्रह काही संस्कृतज्ञ धरतात. त्यांचे व्याकरण बरोबर आहे आणि निष्कर्ष साफ चुकीचा. ‘विंध’ हा मराठी धातू आहे, त्याला ‘न’ लावायला परवानगी कुणाची? शिवाय ‘वेध’ने मराठीत लक्ष, ओढ, ग्रहण असे इतके अर्थ पाठीवर घेतले आहेत की ‘वेधन’ म्हटल्यावर भोक डोळ्यांसमोर येतच नाही. ‘विंधन विहीर’ मात्र ग्रामपंचायतीच्या फलकावर असते आणि शेतकऱ्याला समजते. ज्याने हा शब्द सरकारी कागदावर आणला त्याला कान होता. माझे तर ठाम मत आहे की दोनशे फुटांच्या बोअरला जो शब्द चालतो, तोच तीन हजार मीटरलाही चालवावा. खोली वाढली म्हणून शब्दाने सोवळे नेसायचे कारण नाही.

आणि हे काम विहिरीसारखे पाण्यासाठी नव्हते. 1962 पासून शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरू लागला, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 रिश्टरचा भूकंप झाला, आणि त्या भागात धक्के आजही बसतात. ते जिथे उगम पावतात त्या खडकापर्यंत पोचायचे, तिथले तापमान, ताण आणि भेगा मोजायच्या, म्हणून पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची कराडची प्रयोगशाळा हे करते आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीलाही 617 मीटर विंधले होते, तिथे बेसाल्ट 338 मीटरमध्येच संपला. सह्याद्रीच्या अंगाला जाड, पूर्वेकडे पातळ, हे विंधल्यावरच मीटरमध्ये सांगता येते.

विवराचे राहिलेच. विवर म्हणजे पोकळी, बीळ, आणि आता लोणारमुळे खळगा. इथे नको. ‘विंधनछिद्र’ म्हणा. तेही जड वाटले तर ‘बोअर’ म्हणा, पण ‘उत्खनन’ म्हणू नका.