दोन किल्ल्या मिळाल्या, तिसरी राहिली

प्रश्न : दिवाळीत सोसायटीतल्याच एका काकांकडून चार वर्षं वापरलेली गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर झाली, दोन्ही किल्ल्या मिळाल्या. परवा सप्तशृंगी गडावर जाऊन आलो, तर रात्री काकांचा फोन, "काय, दर्शन नीट झालं ना?" मी कुणाला बोललो नव्हतो. गाडीत काही लपवलंय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लपवलेलं नाही हो. शोरूमवाल्याने काकांना कौतुकाने दाखवलेलंच आहे ते. 2019 नंतर आपल्याकडे 'कनेक्टेड' गाड्यांची लाट आली, त्यातलीच तुमची दिसते. या गाड्यांत एक छोटी पेटी असते, तिच्यात ई-सिम, म्हणजे आतच कायमचं बसवलेलं सिम. गाडी कुठे आहे, दारं लागलीत का, इंधन किती, हे ती मोबाइल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरला कळवते. त्यालाच क्लाउड म्हणायचं.

काकांच्या फोनवर या गाडीचं ॲप अजून आहे, तीच तुमची राहिलेली तिसरी किल्ली. ते ॲप तुमच्या गाडीशी थेट बोलतच नाही. ते सर्व्हरला विचारतं, सर्व्हर गाडीला विचारतो. आणि सर्व्हरच्या वहीत मालक म्हणून अजून काकाच आहेत! आरटीओत नाव बदललं म्हणून त्या वहीत ते आपोआप बदलत नाही. मनात आणलं तर काका घरबसल्या तुमच्या गाडीचं लॉकही उघडू शकतील.

हसू नका, मीही यातून गेलोय. चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस मी, पण स्वतःची गाडी विकताना ॲप विसरलो. तीन महिन्यांनी रात्री साडेबाराला फोन टुणकन वाजला : 'गाडीचं दार उघडं आहे.' गाडी सोलापुरात, मी पुण्यात. नव्या मालकाला उठवलं. बिचारा खाली जाऊन दार लावून आला आणि मग विचारतो, "पण तुम्हाला कसं कळलं?" दुसऱ्या दिवशी हेल्पलाइन म्हणाली सर्व्हिस सेंटरला जा, सर्व्हिस सेंटर म्हणालं हेल्पलाइनला विचारा. शेवटी भाचीने माझ्याच ॲपमध्ये 'वाहन काढा' शोधून दिलं. दोन मिनिटांचं काम.

तेव्हा काकांना चहाला बोलवा आणि समोर बसवून ॲपमधून गाडी काढायला लावा. नुसता स्क्रीन रीसेट करून भागत नाही. त्याने कॉन्टॅक्ट आणि घराचा पत्ता पुसला जातो, सर्व्हरवरचं खातं तसंच राहू शकतं. मग चॅसिस नंबर टाकून तुमच्या नावाने नोंदणी करा. अडलंच तर आरसीची प्रत घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

काका भले आहेत, पण सगळेच नसतात. 2015 मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी घरी बसून हायवेवर धावणारी जीप चेरोकी बंद पाडून दाखवली, तीही मालकाचं खातं न वापरता. कंपनीला 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

प्रश्न : बेसमेंटमध्ये गाडी असली की फोनवरून एसी सुरू होत नाही. बिघाड आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. रेंज नाही. तुम्ही गाडीशेजारी उभे असलात तरी हुकूम सर्व्हरमार्गेच यायचा, आणि तो तळघरात पोचत नाही. गाडी वर लावा.

प्रश्न : गाडीच्या कनेक्टेड सेवेची फुकटची मुदत संपली, पुढच्या वर्षाचे पैसे भरावेत का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घरात चालवायला शिकणारं पोर असेल किंवा गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल, तर भरा. मी भरले नाहीत. पैसे भरूनही सोय गाडीइतकी टिकेलच असं नाही : 2022 मध्ये अमेरिकेत 3जी नेटवर्क बंद झालं आणि कितीतरी धडधाकट गाड्यांचं संकटात मदत मागवायचं बटण मुकं झालं. एसीसाठी म्हणाल, तर चारही काचा खाली करून दोन मिनिटं थांबतो मी.